घराखाली कोण उभं आहे

११ जानेवारी २००४, रविवार. बात्तांबांग

विराकने आज जेवताना सांगितले. मुलीचे नाव मालिस. नदीपलीकडच्या प्रेक स्नाय गावची. आईबाप तांदळाच्या शेवया पाडून बाजारात विकतात. मुलगी त्याच्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला आली आणि दुरुस्त झाल्यावरही येत राहिली.

"एकच मोबाइल पुन्हा पुन्हा कसा बिघडतो?" मी विचारले.

"मीच नीट करत नव्हतो," तो म्हणाला.

मी हसावे अशी त्याची अपेक्षा होती. मी माशाचे सार वाढले.

शेवया विकण्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. एकोणऐंशी साली मीही रस्त्याच्या कडेला बसून ताडगुळाचे खडे विकले आहेत, हातात कॉलेजची पदवी असताना. माझा प्रश्न वेगळा आहे. मुलीचा बाप पोल पोटच्या दिवसांत, पंच्याहत्तर ते एकोणऐंशीत, कुठे होता आणि काय करत होता?

"लहान असेल तेव्हा," विराक म्हणाला.

"असेल? विचारलंस का?"

"आई, मी मुलीला मागणी घालतोय. तिच्या बापाचा जबाब नाही घेत."

"तो मी घेईन."

हे सगळे लिहून ठेवते आहे ते एवढ्यासाठी की, मी आधीच ठरवून बसले होते असे नंतर कुणी म्हणू नये. मी काहीही ठरवलेले नाही.

१८ जानेवारी, रविवार

प्रेक स्नायला जाऊन आले. सोबत हुनला नेले. हुन माझी नणंद, पिसेतची धाकटी बहीण. तिला कुठेही नेले तरी ती बोलते, त्यामुळे मला बघायला मोकळीक मिळते.

खांबांवरचे साधे घर, बांबूच्या पट्ट्यांची जमीन. खाली सावलीत पीठ कुटायचे पायाचे मुसळ, शेवया पाडायचा साचा, पाण्याचे रांजण. सगळे धुऊन पुसून ठेवलेले. आई येन, बारीक आणि चटपटीत. मुलगी बरी आहे, नजर खाली पण कान इकडे.

बाप सारून. म्हणतो चाळिशीच्या आतला आहे, दिसतो पन्नाशीचा. नमस्कार करताना हात इतके वर नेले की जणू मी पिवळ्या वस्त्रातला भिक्खू आहे. एवढ्या नम्रतेची गरज कुणाला पडते, हे मला ठाऊक आहे.

"मुलगी सावळी आहे, पण डोळे बघ ना वहिनी, कसे आहेत," हुन सगळ्यांदेखत म्हणाली. "आपल्या विराकचं नाकही काही फार सरळ नाही."

मी सारूनला विचारले, "मूळ गाव कुठलं तुमचं?"

"तकेओकडचं, बाई."

"तकेओ मोठं आहे. गाव कुठलं?"

त्याने बायकोकडे पाहिले. येन म्हणाली, "आंग रोकाच्या बाजूला."

"वडिलांचं नाव?"

"सोम."

"आईचं?"

"माव."

"आणि तुमचं वर्ष?"

आमच्याकडे माणसाला झोपेतून उठवून विचारा, आपण कुठल्या प्राण्याच्या वर्षात जन्मलो ते तो सांगेल. सारून म्हणाला, "घोडा," आणि त्याच क्षणी येन म्हणाली, "बोकड."

"म्हणजे घोड्याची शेपटी धरून बोकड आला म्हणायचा!" हुन म्हणाली. सगळे हसले. सारूनही हसला, पण सर्वांच्या मागून, इतरांचे बघून.

जेवताना तो डावा हात वाटीभोवती धरून खातो. आमची सुरुवात होईपर्यंत त्याचे संपलेही होते. मुलीला म्हणाला, "हॉप, हॉप." खा म्हणायला आमच्या भाषेत वडिलांसाठी एक शब्द, भिक्खूंसाठी एक, पाहुण्यांसाठी एक. पोल पोटच्या लोकांनी ते सगळे काढून टाकले आणि हा एकच ठेवला.

परत येताना हुन म्हणाली, "खेड्यात सगळेच तसं म्हणतात गं वहिनी. आधीही म्हणायचे."

"खेडी मलाही माहीत आहेत. चार पावसाळे काढलेत."

"तू भाताच्या शितातही हेर शोधशील."

हुनला जगात कुणाचाच संशय येत नाही. म्हणून तिला दोनदा बनावट सोने विकले गेले.

२२ जानेवारी, गुरुवार

देवळात थुओन आचारांना भेटले. लग्नातले सगळे विधी तेच करतात. मनगटाला दोरा बांधण्याआधी चटईवर ताटे मांडतात आणि दोन्ही घरच्या मेलेल्यांना एकेकाच्या नावाने जेवायला बोलावतात. नाव घेतल्याशिवाय ते येत नाहीत. म्हणून आचार आधीच दोन्हीकडची नावे विचारून ठेवतात.

"त्यांच्याकडची सांगितली का कुणी?" मी सहज विचारल्यासारखे विचारले.

"सारून परवाच येऊन गेला. वडील सान, आजोबा सोम."

मला त्याने सोम हे वडिलांचे नाव सांगितले होते. आचारांना मी काही बोलले नाही. त्यांचे वय झाले आहे, आणि ते कुणाचेही खरे मानतात.

बापाचे नाव बदलणाऱ्या माणसाने स्वतःचेही बदललेले असते. त्या लोकांनी सगळ्यांनी नावे बदलली होती. मेलेल्यांची घेतली, शेजाऱ्यांची घेतली, आणि मग पोल पोटला हुसकणारे सैन्य आले तेव्हा आमच्यातच मिसळून त्याच रस्त्याने घरी चालत गेले. आज ते भाजी विकतात, देवळाला देणगी देतात, नमस्कार करताना हात फार वर नेतात.

पिसेतला एका वाक्यासाठी नेले. जेवण झाल्यावर तो मला हळू आवाजात म्हणाला होता, "बांधाचा उतार उलटा धरलाय, पहिल्या पुरात जाणार." तो इंजिनिअर होता, त्याला राहवले नाही. आमच्या झोपडीच्या खाली त्या वेळी कुणीतरी उभे होते. संध्याकाळी घरांखाली ऐकायला ते मुलांना ठेवत. सकाळी त्याला शिकायला बोलावले आहे असे सांगून नेले, तो परतला नाही. त्याच पावसाळ्यात बांध फुटला. आमची मुलगी मोनी त्याच्या पुढच्या महिन्यात तापाने गेली. त्या मुलाचे तोंड मी पाहिले नाही. पट्ट्यांच्या फटीतून फक्त पाय दिसले होते, चिखलाने भरलेले, लहान.

२६ जानेवारी, सोमवार

तकेओला माझ्याबरोबर शिकवणारी एक बाई आता स्थायिक आहे. तिला फोन करून चौकशी करायला लावली. आंग रोकात सोम नावाच्या माणसाचे, सारून नावाचा मुलगा असलेले घर कुणालाच आठवत नाही. अर्थात तिकडे आठवणारेही थोडेच उरले आहेत, असे ती म्हणाली. तेवढी सबब कुणालाही पुरते.

विराकला सांगितले. तो चिडला.

"आई, लग्नात माझ्या बाजूने आचार कुणाला बोलावणार?"

"तुझ्या वडिलांना. पिसेतच्या आईवडिलांना. मोनीला."

"ते माझे कोण?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मी तुला पुर्सातच्या रस्त्यावर मोडक्या बैलगाडीखाली सापडलो तेव्हा बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मला त्यांचं नाव तू दिलंस. मग त्या सारूनकाकांनी स्वतःला एखादं दिलं तर बिघडलं काय?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं?"

"मी चारचौघांत दिलं. गल्लीला ठाऊक आहे. लपवून नाही दिलं."

"आणि मी कुणाचा होतो? कदाचित त्यांच्यातल्याच कुणाचा असेन. तेही पळताना पोरं टाकत होते."

तो हे हसून म्हणाला. मी त्याला ताट धुवायला सांगितले. सव्वीस वर्षांचा झाला तरी ताट तसेच ठेवून उठतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज दुपारी मी प्रेक स्नायला गेले. लग्नाच्या जेवणाला शेवया किती लागतील ते बोलायचे, असे कारण मनाशी ठरवले होते.

खाली कुणी नव्हते. साचा धुऊन उन्हात लावला होता. वरून आवाज येत होते. मी हाक मारणारच होते, तेवढ्यात वरून "ती बाई" असे शब्द ऐकू आले. मग मी हाक मारली नाही. छत्री मिटली आणि रांजणांच्या मधे, सावलीत उभी राहिले.

येन म्हणत होती, "पुन्हा म्हण. वडील?"

"सोम."

"आजोबा?"

"सान."

"आचारांना उलटं सांगून आलास ना! आईचे वडील?"

"ते कशाला लागतात?"

"ती बाई मास्तरीण आहे. विचारेल. म्हण."

"माक."

"आणि सगळे कुठे गेले?"

"पुर्सातकडे. आजाराने. सगळेच."

"सगळेच असं एकदम म्हणू नकोस. एकेक करून मार. मग खरं वाटतं."

मी इतकी वर्षे तोंडी परीक्षा घेतल्या. घोकलेले कुठले आणि ठाऊक असलेले कुठले, हे मला पहिल्या शब्दाला कळते. हे घोकलेले होते. माझा संशय खोटा नव्हता.

मग सारून बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. त्याला म्हणे एक बाई आठवते. ताडफळ सोलत बसलेली. हात आठवतो, अंगठ्याचे नख काळे पडलेले. चेहऱ्याच्या जागी काही नाही. "तिला माव म्हटलं तर तिला चालेल ना?" असे त्याने बायकोला विचारले. "चालेल," येन म्हणाली. तो म्हणाला, "बाईंना कळलं की पोरीच्या बापाला बापच नाही, तर लग्न मोडेल. मालिसचं तोंड बघवणार नाही मला." "मग नीट पाठ कर," येन म्हणाली.

ताडफळाचे हेही पाठ करून ठेवलेले असावे. अशा वेळी डोळ्यांत पाणी आणणारे काहीतरी लागतेच.

माझी छत्री रांजणाच्या झाकणाला लागली. आवाज अगदी बारीक झाला. पण वर बोलणे तुटले. ते तुटणे मला ओळखीचे आहे. तसे गप्प होताना माणूस श्वासही चोरून घेतो. मी केळींच्या बाजूने बाहेर पडले, वळसा घालून पुढून आले आणि मोठ्याने म्हणाले, "आहे का कुणी घरात?"

येन शिडीवर आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मनात काही नसलेल्या माणसाचा चेहरा असा होत नाही.

शेवयांचे बोलणे करून परतले.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज सारून स्वतः आला. केळीच्या पानात ताज्या शेवया आणल्या होत्या. मी त्या टेबलावर ठेवल्या.

"बाई, एक सल्ला हवा होता," तो म्हणाला. खुर्चीच्या कडेवर बसला होता, पाठ भिंतीला लावून. "गुरुवारी आमच्या घराखाली कुणीतरी उभं होतं."

"चोर असेल."

"काही गेलं नाही."

"मग गावच्या मुखियाला सांगा."

"येन तेव्हापासून कुजबुजत बोलते, बाई. मालिसलाही मोठ्याने बोलू देत नाही. भांडं पडलं तरी दचकते. तिचे दोन भाऊ गेले, खाली उभं राहणाऱ्यामुळे." तो खिळ्यावर लटकवलेल्या माझ्या छत्रीकडे बघत होता. चांगली जपानी छत्री आहे, कुणीही बघेल. "तुम्ही शिकलेल्या आहात. आता तो काळ नाही, असं तुम्ही येऊन तिला सांगितलंत तर ती ऐकेल. तुमचंच ऐकेल."

मी विषय तिथेच तोडला. "तुम्ही त्या काळात काय करत होता?"

"मुलांच्या तुकडीत होतो. शेण गोळा करायचं. उंदीर धरायचे."

"आणि घरांखाली उभे राहायचात?"

मी वाट पाहिली. वर्गातही मी उत्तराची वाट पाहते, मुलांना ते सोसत नाही.

"राहायचो, बाई."

"काय सांगायचात त्यांना?"

"म्हणायचो, झोपलेत. रोज झोपलेत म्हटल्यावर मला मारलं. मग एकदा…" त्याने तळहाताने तोंड पुसले. "एकदा म्हणालो, भूक लागली म्हणतात. ते खरंच म्हणत होते. मला वाटलं, कळलं तर देतील काहीतरी खायला. दुसऱ्या दिवशी ते घर रिकामं होतं."

"कुठे? कुठल्या भागात?"

"माहीत नाही. नदी होती. बांध घालत होते."

"बांध सगळीकडेच घालत होते."

"हो बाई. सगळीकडेच."

हे त्याने मला का सांगितले, याचा मी दुपारभर विचार करते आहे. लपवणारा सांगत नाही. की थोडे सांगून मोठे लपवतो आहे? वय किती होते, तेही त्याला सांगता येत नाही. बोकड असेल तर दहा-अकरा. फटीतून मला दिसलेले पाय केवढ्या मुलाचे होते? मी ते कधी मोजलेले नाहीत.

मी म्हणाले, "हे लग्न होणार नाही."

तो उठला, हात पुन्हा तितकेच वर नेऊन नमस्कार केला. "ते कालच ठरलं, बाई. येनने ठरवलं. म्हणते, कान लावणाऱ्या घरात पोर द्यायची नाही. मी तुम्हाला तिची समजूत घालायला न्यायला आलो होतो."

म्हणजे त्यांनी मला नाकारले. शेवया पाडणाऱ्यांनी. मी दार लावून घेतले.

शेवया टाकून द्याव्या की काय करावे कळेना. शेवटी खाल्ल्या. ताज्या होत्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

विराक कपडे घेऊन दुकानात राहायला गेला. भांडला नाही. एवढेच म्हणाला, "आई, तू घराखाली उभी होतीस?"

"मी चौकशीला गेले होते."

तो पिशवी उचलून निघाला. हुन बोलली, कारण तिला राहवत नाही. "चौकशी शिडीवरून करतात गं वहिनी. चप्पल काढून, वर जाऊन. खालून करतात त्याला आपल्याकडे दुसरं नाव आहे."

"पिसेत तुझा सख्खा भाऊ होता, हुन."

"म्हणून तर म्हणतेय."

मी तिला सांगितले की तुला बोलायचा पोच नाही. ती रडत घरी गेली. रडण्याचे कारण मला कळले नाही, रोज मी तिला हेच सांगते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बाजारात येनच्या ओट्यापाशी तीन बायका गप्पा मारत होत्या. मी जवळ गेले तशा गप्प झाल्या. मी वांगी घेतली आणि निघाले. पुढे मासळीवालीपाशीही तसेच झाले. गावाला कळलेले दिसते. इतकी वर्षे बोलता बोलता मीच थांबत आले, कुणी आले की. माझ्यामुळे दुसरे थांबतात, हे नवीन आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

विराक दुकानात बाकावर झोपतो. पाठ दुखते असे म्हणत नाही, पण वाकून उचलताना मला दिसले. डबा दिला, घेतला. मालिसचे नाव त्याने काढले नाही. तिच्या आईने तिचा मोबाइल काढून घेतला आहे, असे शेजारच्या न्हाव्याने सांगितले. मी न्हाव्याला म्हणाले, तुला कुणी विचारलं? आणि मग दुसऱ्या दुकानापाशी जाऊन उभी राहिले, विराक बाहेर येईपर्यंत. तो बाहेर आला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सकाळी एकटी गेले. कुणी पाठवले म्हणून नाही. हुनला तर सांगितलेच नाही. एक गोष्ट मनात येत राहते, तेवढ्यासाठी गेले. सारून मला जे बोलला ते तो बोलला नसता तर मला कधीच कळले नसते. पूर्ण खात्री अजूनही नाही. ती होईल असेही वाटत नाही. पण मुलगा बाकावर झोपतो आहे.

रस्त्यावरूनच हाक मारली. शेजारच्या घरांतून माणसे बाहेर आली. येन दारात आली, मला पाहिले आणि आत गेली. मी शिडीपाशी चप्पल काढू लागले.

"वर येऊ नका," आतून तिचा आवाज आला. "त्या दिवशी जिथे उभ्या होतात तिथे जा. आणि तिथून बोला."

मला आयुष्यात कुणी असे कोपऱ्यात उभे केलेले नाही. मी पुष्कळांना केले आहे. शेजारी बघत होते. मी रांजणांच्या मधे जाऊन उभी राहिले. वर पट्ट्यांच्या फटीतून उजेड येत होता आणि मधेच कुणाच्या तरी बसण्याने तो बंद झाला होता.

मी वर्गात हजेरी देतात तशी मोठ्याने म्हणाले, "मी कुंथिआ. घराखाली उभी आहे. त्या गुरुवारीही मीच होते."

मग येन म्हणाली, "मला माहीत होतं. फटीतून तुमच्या चपला दिसल्या होत्या. काय ऐकलंत?"

"एक बाई नवऱ्याला त्याच्या बापाचं नाव शिकवत होती."

"कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही."

"आचारांना?"

"नाही."

"विराकला?"

"नाही. कुणालाही नाही."

माझ्या मानेला वर बघून बघून रग लागली. एका पट्टीवरून कुणीतरी दुसऱ्या पट्टीवर सरकले आणि अगदी माझ्या डोक्यावर सारूनचा आवाज आला.

"बाई, नीट म्हणत होतो का मी?"

"नाही," मी म्हणाले. खोटे सांगण्यात अर्थ नव्हता. "आजोबांपाशी अडखळता. आचार विचारतील तेव्हा बायकोकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. आईचं नाव तेवढं चांगलं म्हणता."

वर मालिस असावी, हसल्यासारखे काहीतरी झाले आणि लगेच दाबले गेले.

"पण बाई," सारून म्हणाला, "या नावाची माझी माणसं नव्हतीच ना. आचारांनी हाक मारल्यावर येणार कोण?"

हा प्रश्न बरोबर होता. मी त्याचे उत्तर आधी तयार केलेले नव्हते.

"सोम नावाचे किती मेले असतील त्या चार पावसाळ्यांत?" मी म्हणाले. "किती सान, किती माव? त्यातल्या कितीजणांच्या घरी हाक मारायला कुणी उरलं नाही? नाव घेतलंत की येईल कुणीतरी. उपाशीच गेलेत सगळे. ताट मांडा. आता पुन्हा म्हणा. वडील?"

"सोम."

"आजोबा?"

तो थांबला. मी वाट पाहिली.

"सान," तो म्हणाला.

"मोठ्याने," मी म्हणाले. "इथे खाली ऐकू येत नाही."